गाडीचा ठिपका

आमच्या मागच्या कॉलनीतून गाडी चोरीला गेली, त्या सकाळी मी लेकीला, आरोहीला, कडेवर घेऊन मुद्दाम ती जागा बघायला गेले. बघण्यासारखं तसं काही नव्हतं. फुटलेली काच नाही, झटापटीची खूण नाही. पहाटे पावसाची सर येऊन गेली होती. सगळा रस्ता ओला, आणि गाडीच्या मापाचा एक चौकोन तेवढा कोरडा. म्हणजे पाऊस थांबेपर्यंत गाडी तिथंच होती. चोरालाही भिजायचं नव्हतं. मालक जमलेल्या लोकांना एकच गोष्ट परत परत सांगत होते, दोन्ही किल्ल्या घरात आहेत, हे बघा, माझ्या हातात आहेत.

मग गाडी सुरू कशी झाली? हा प्रश्न मी घरी घेऊन आले आणि तो काही केल्या जाईना.

माझा नवरा सुगत बस पकडायच्या घाईत होता. माझं ऐकून हसला. म्हणाला, तू बँकेच्या परीक्षा देण्यापेक्षा पोलिसात जायला हवं होतंस. मी म्हटलं, आपली गाडी गेली तर काय करायचं ते सांगा आधी. त्यावर त्याचं हसू थांबलं, कारण आपली गाडी म्हणजे काय हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

आरोहीला तापात फिट येते. ताप चढायला लागला की तिचे डोळे वर जातात, हातपाय ताठ होतात. डॉक्टरांनी समजावून सांगितलंय, मोठी होईल तशी ही खोड जाईल, घाबरू नका, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि लगेच दवाखान्यात या. बेळगावला अनगोळात माहेरी असताना पहिल्यांदा आली, तेव्हा रिक्षा मिळेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला तिला छातीशी धरून उभी होते. त्यानंतर आम्ही गाडी घेतली. मी चालवायला शिकले. सुगतची बदली कागलला झाली आणि आम्ही निपाणीला सासरच्या घरी राहायला आलो, तेव्हा आमचं ठरलं, की तो बसने जाईल-येईल आणि गाडी घरी राहील. गाडी जागेवर असली की माझा श्वास सरळ चालतो. सकाळी उठल्यावर मी आधी आरोहीच्या कपाळाला हात लावते आणि मग खिडकीतून गाडी बघते.

आता घर म्हणजे वस्तीतलं. बोळात गाडी शिरत नाही, म्हणून ती बोळाच्या तोंडाशी, विहाराच्या भिंतीला लागून उभी असते. आणि किल्ली असते सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दाराजवळच्या खिळ्यावर. ही सासऱ्यांची, आप्पांची पद्धत. मायाप्पा हे नाव निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक. जन्मभर हमाली केली, पोराला शिकवलं, आणि पोराने आणलेली गाडी ही त्या बोळातली पहिली. तिच्याआधी कुणाला रात्रीअपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर हायवेवर जाऊन टेम्पोला हात करावा लागायचा. त्यामुळे गाडी आल्याआल्या आप्पांनी जाहीर करून टाकलं, की आजारी माणसासाठी किल्ली खिळ्याला आहे. मी हळूच विचारलं होतं, न विचारता कुणी नेली तर? आप्पा म्हणाले, "इचारल्याबिगर कोण नेत न्हाय गं. आपली माणसं हायत."

विचारून नेणाऱ्यांची मला भीती नव्हती. दोन-तीनदा लोक आले, आप्पांशी बोलले, शेजारच्या शामूअण्णांनी गाडी काढली आणि तासाभरात परत आणून लावली. शामूअण्णांचा स्वतःचा भाजीचा टेम्पो, अलीकडेच घेतलेला. पहाटे बाजारात माल टाकून दुपारपर्यंत घरी येतात. हात असा साफ, की त्यांनी लावलेली गाडी भिंतीपासून वीतभरही इकडेतिकडे नसते. माझी भीती वेगळी होती. दोन्ही किल्ल्या घरात असताना गाडी नेणाऱ्याची.

मग मी वाचायला लागले. आरोही झोपली की फोन घेऊन बसायची. चोर किल्लीचा सिग्नल कसा पकडतात, गाडीच्या पोटातल्या वायरपर्यंत कसे पोचतात, बॅटरी तोडली की भोंगा कसा मुका होतो. एक माणूस तर स्वतःचीच गाडी चोरून दाखवत होता आणि मध्येमध्ये बायकोला कॅमेरा नीट धरायला सांगत होता. जितकं वाचलं तितकं भय वाढायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली होती. भाजी चिरताना मी चोराच्या डोक्याने विचार करायची. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदा विचारलंसुद्धा, भेंडीकडं असं टक लावून काय बघायलीस?

माहेरी गेले तेव्हा गाडी घेऊन बेळगावातल्या एका दुकानात गेले. दुकान गाड्यांच्या भोंग्यांचं, कॅमेऱ्यांचं, सीट कव्हरचं. मालक नागेंद्र, माझ्याच वयाचा, घरी कन्नड बोलणारा, पण गिऱ्हाईक बघून मराठी काढणारा. मी पिशवीतून प्रश्न काढावेत तसे एकेक काढले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मलाच विचारलं,

"अक्का, पहिला एक सांगा. चोर आला तर कळायला कुणाला पाहिजे?"

मला कळेना. मला, आणखी कुणाला?

तो म्हणाला, तसं नसतंय. भोंगा बसवला तर गल्लीला कळतंय, तुम्हाला गल्लीकडनं कळतंय. स्टेअरिंगला पिवळा दांडा लावला, डॅशबोर्डला लाल दिवा लुकलुकता ठेवला, तर ते चोरालाच आधी कळतंय, आणि तो शेजारची गाडी बघतोय. आणि ट्रॅकर लपवून बसवला, तर फक्त तुम्हाला कळतंय. गल्लीला नाही, चोराला नाही. "मग पुढचं बी सगळं तुमी एकट्यानंच करायचं. म्हणून इचारलो."

हे मी कुठं वाचलं नव्हतं. मी दुकानातल्या स्टुलावर बसून त्याचा विचार करत राहिले आणि आरोही रबरी मॅटवर उड्या मारत राहिली. शेवटी मी विचारलं, तिघांनाही कळवता येतं का? नागेंद्र हसला. म्हणाला, येतंय की, पण मग गिऱ्हाइकाला झोप येत नाही.

माझे प्रश्न संपले नव्हते. चोराने बॅटरी तोडली तर? ट्रॅकरच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते. गाडी महाराष्ट्रात नेली तर? आमच्यापासून हद्द म्हणजे पलीकडचा बस-स्टॉपच. त्यातलं सिम तिकडेही चालतं. आणि जांबोटीच्या घाटात, जिथं माझ्या फोनलाच रेंज नसते? तिथं नकाशावरचा ठिपका झोपतो, म्हणाला, आणि रेंज आली की जागा होऊन मधला सगळा रस्ता सांगतो. त्या उत्तरावर मी इतकी खूश झाले, की त्यालाही आपल्या मालाबद्दल नव्याने आदर वाटला असावा.

मग त्याने शेवटची वस्तू दाखवली. फोनवरून इंजिन बंद करायची सोय. पेट्रोलच्या पंपाची वायर ट्रॅकरमधून घ्यायची, बटण दाबलं की पंप थांबतो. धावत्या गाडीत एकदम नाही, वेग उतरला की मगच, नाहीतर अपघात होईल. आणि गाडी बंद पडली की भोंगा आपोआप सुरू. मी म्हटलं, बसवा.

गाडी आली तशी गेली, फक्त आता तिच्या आत कुठंतरी एक डोळा होता. तो कुठं आहे हे नागेंद्रने सुगतलाही सांगू नका म्हटलं होतं आणि मी खरंच सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस माझे फार छान गेले. नकाशावर निळा ठिपका. सुगत रविवारी चिकन आणायला गेला, तर ठिपका चिकनच्या दुकानाआधी चहाच्या गाड्यापाशी चांगला मुक्काम करून पुढे निघाला. घरी आल्यावर मी विचारलं, भजी गरम होती का? त्याने पिशवी खाली ठेवली आणि आप्पांकडे बघत म्हणाला, बघा, चोरासाठी आणलंय म्हणत्यात.

आप्पांनाही नवल होतं. एकदा मी त्यांना गाडीपाशी नेऊन भोंगा वाजवून दाखवला. विहारातली कबुतरं उडाली, सगळी पोरं धावत आली. आप्पांनी कानावरचा हात काढला आणि विचारलं, "आन् आपलाच माणूस घिऊन गेला तर?"

"विचारून नेली तर काय प्रश्नच नाही, आप्पा."

"मग झालं," म्हणाले. आम्ही दोघंही समाधानाने घरी आलो. आमच्या दोघांच्या डोक्यातलं विचारणं वेगवेगळं होतं, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

तो दिवस बिड्या जमा करायचा होता. बोळातल्या बायका सुपं-पाट्या घेऊन कारखान्याच्या डेपोवर गेलेल्या, बोळ रिकामा. आप्पा आणि आत्ती एका नातेवाइकाच्या मातीला शेजारच्या गावी. मी आरोहीला बालवाडीत सोडून मागच्या बाजूने, किराणा घेऊन आले. दार नेहमीप्रमाणे नुसतं ओढून घेतलेलं. आत आले तर सोप्यातल्या खिळ्यावर एक टॉवेल. मळका, डिझेलचा वास येणारा. आप्पांनी कुणाचातरी आणून लटकवला असेल, असं म्हणून मी तो उचलला आणि धुण्याच्या बादलीत बुचकळला. खिळ्यावर किल्ली नव्हती. तीही आप्पांच्या खिशात गेली असेल, त्यांची ती सवय आहे. मग केर काढला. मग सवयीने खिडकीतून बघितलं.

विहाराची भिंत सबंध दिसत होती. इतकी लांब भिंत आहे ही, असं मला वाटलं. त्यानंतर मला कळलं की मला ती का दिसतेय.

मी जे जे ठरवून ठेवलं होतं ते क्रमाने केलं. आप्पांना फोन, ते उचलेनात. सुगतला फोन, तो कामावर काउंटरला असतो तेव्हा फोन ड्रॉवरमध्ये. शामूअण्णांच्या दाराला कडी. मग नकाशा उघडला. ठिपका हायवेवर, उत्तरेला तोंड करून चालला होता. हद्दीकडे. पलीकडे गेला की दुसरं राज्य, दुसरे पोलीस, तुमच्याकडे तक्रार करा, नाही तुमच्याकडे करा. मी ठिपक्याकडे बघत उभी राहिले आणि भीतीच्या आतसुद्धा, लाज वाटते सांगायला, एक कुतूहल जागं होतं. हे खरंच चालतं का?

मी बटण दाबलं. काही झालं नाही. ठिपका तसाच पुढे. मग टोलनाका आला, गाडीचा वेग उतरला असणार, आणि ठिपका थांबला.

चालतं.

फोन वाजला तो शामूअण्णांचा.

"करिष्मा, गाडी बंद पडली गं," ते म्हणाले. मागे आमच्या गाडीचा भोंगा किंचाळत होता आणि कुणीतरी दरडावून कागद मागत होतं. "आन् बोंबलाय लागलीय. त्या यंत्रवाल्याचा नंबर हाय काय तुझ्याकडं? नागोजीमामास्नी घिऊन निगालोय. डोळ्याचं आपरेशन हाय आज कोल्हापुरात. हितं लोक गोळा झाल्यात. कुणाची गाडी म्हनून इचारायल्यात."

नागोजीमामा म्हणजे आप्पांचे वखारीतले जोडीदार. दोघांनी एकाच दारातून पोती वाहिलेली.

"अण्णा," मी म्हटलं, "मीच बंद केली."

"का?"

"मला वाटलं..."

पुढचं त्यांनीच बोलून टाकलं. हळू, भोंग्याच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं.

"चोर."

मी भोंगा बंद केला, इंजिन सोडलं. पण आज्ञा पोचायला वेळ लागत होता. माझ्या फोनवर नुसतं चक्र फिरत होतं. तिकडे टोलवरच्या कुणाशीतरी बोल म्हणून अण्णांनी फोन दिला. मी त्या माणसाला सांगितलं, आमचीच माणसं आहेत, गाडी आमची आहे, माझी चूक झाली. त्याने मला तीनतीनदा नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग त्या दोघांची आडनावं विचारली, आणि मग म्हणाला, बघा बरं बाई, तुमची ओळख आहे ना नक्की. डोळ्यात थेंब घातलेला एक म्हातारा माणूस बाहेर रस्त्यावर उभा होता, हे मला नंतर कळलं. गाडी सुरू झाली. ते कोल्हापूरला पोचले तेव्हा डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते. नागोजीमामांना पुढची तारीख मिळाली.

संध्याकाळी आप्पा आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधेच विचारलं, खिळ्याला काही नव्हतं? मी म्हटलं, एक टॉवेल होता, घाण, मी धुवायला टाकला.

आप्पांनी दोरीवरच्या त्या टॉवेलकडे बघितलं. मग समजावून सांगितलं, मला ओरडावं असं त्यात काहीच नसल्यासारखं. वखारीत प्रत्येक हमालाचा पोती ओढायचा हूक त्याच्या त्याच्या खिळ्याला असायचा. आपला मोडला, हरवला, तर शेजारच्याचा उचलायचा, पण त्याच्या खिळ्याला आपला टॉवेल नाहीतर पटका लटकवून जायचं. तो नसला तरी येऊन बघतो आणि त्याला कळतं कुणी नेलं. तेच विचारणं. बोळातही तीच रीत राहिली, शिडीला, पाट्या-वरवंट्याला, आता गाडीला. शामूचा टॉवेल सगळे ओळखतात.

"तुला सांगायचं राहिलं बग," म्हणाले. "मला वाटलं समद्यास्नी ठाव असतंय."

टॉवेल वाळल्यावर त्यांनी तो घडी घालून स्वतः शामूअण्णांना नेऊन दिला. मलाही जायचं होतं, मी दुसऱ्या दिवशी गेले. शामूअण्णा टेम्पो पुसत होते. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि हसले. "जाऊ दे गं. तुजी गाडी लई शानी हाय. मानूस बगून थांबती." त्यांच्या बायकोने मला चहा दिला. शामूअण्णा फडकं घेऊन परत टेम्पोकडे वळले.

त्यानंतर खिळ्यावर किल्ली कायम राहिली. कुणी आलं नाही. मी उठले की कपाळाला हात, मग खिडकी, आणि गाडी रोज जागेवर. मला जे हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं. नागोजीमामा पुढच्या तारखेला एसटीने गेले. परत आले तेव्हा एका डोळ्याला पट्टी आणि एक हात नातवाच्या खांद्यावर, आमच्या गाडीला वळसा घालून बोळात शिरले. आप्पांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. फक्त दुपारी सोप्यात बसायचे ते परसात जाऊन बसायला लागले.

मग आप्पा-आत्ती संकेश्वरला नणंदेकडे गेले, आणि तशा एका दुपारी बालवाडीतून आल्यावर आरोही जेवली नाही. अंग कोमट होतं. मी औषध दिलं, ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, आणि माझ्या हाताखालीच ती ताठ झाली.

कुशीवर वळवलं. तोंडात काही घातलं नाही. तिचं नाव घेत राहिले. फिट थांबली, पण अंग तव्यासारखं तापलेलं, मान लुळी, डोळे अर्धे उघडे. किल्ली खिळ्यावर. गाडी खिडकीत. सगळं अगदी मी ठरवलं होतं तसं. तिला उचलून मी दारापर्यंत आले आणि तिथं माझ्या लक्षात आलं, की गाडी मी चालवली तर तिला कोण धरणार? मागच्या सीटवर एकटीला निजवायचं आणि परत झटका आला तर मी आरशातून बघणार? इतके दिवस मी चोराच्या डोक्याने विचार केला, बॅटरीचा केला, जांबोटीच्या रेंजचा केला. माझे दोन हात मोजायचे राहूनच गेले होते.

मी शामूअण्णांच्या दारात गेले. ते जेवत होते.

"अण्णा, गाडी काढा," मी किल्ली पुढे केली.

त्यांनी आधी पोरीकडे बघितलं, मग किल्लीकडे. हात धुवायला उठता उठता विचारलं, आणि ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते, "मदी बंद न्हाय न्हवं पडायची?"

"न्हाय. फोन माझ्याकडंच हाय."

"मग त्यो फोन ठेव पिशवीत आन् पोरीचं डोस्कं धर नीट."

रस्त्यात तिला पुन्हा एकदा हलका झटका आला. मी तिला मांडीवर कुशीला धरून होते, एक हात पाठीवर, एक हनुवटीखाली. शामूअण्णा एकदाही मागे वळले नाहीत, पण मी "थांबला" म्हणाले तेव्हा त्यांचे खांदे खाली आलेले मला मागून दिसले.

दवाखान्यात औषध टोचलं, ताप उतरायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घशाचं आहे, काळजीचं काही नाही, संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे. सुगत कागलहून निघाला होता. आरोही घामेजून गाढ झोपली. मी बाहेर आले तर शामूअण्णा बाकावर बसले होते. मी शेजारी बसले.

"दाव की," ते एकदम म्हणाले. "कसलं असतंय ते बगू."

मी फोन काढून नकाशा उघडला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ. मी मागचे दिवस कसे बघायचे ते दाखवलं. त्यांनी तो दिवस काढला. निळी रेघ बोळापासून निघालेली, हायवेला लागलेली. ते बोट रेघेवरून नेत गेले. "हितं पुलावर टायर बगाय थांबलतो," म्हणाले. "आन् हितं, हे बारकं वळान दिसतंय न्हवं, हितं नागोजीमामा लगवीला उतरलाता. म्हाताऱ्याला धा मिंटं दम निगना." आणि मग बोट टोलपाशी आलं. तिथं रेघ जाड झाली होती, गाठ मारल्यासारखी. ते त्या गाठीकडे बघत राहिले. "हितं हुबं केलतीस आमाला."

मी म्हटलं, उद्याच बेळगावला जाऊन नागेंद्रकडून इंजिनची ती वायर काढून टाकते.

"ऱ्हाऊ दे की. खरा चोर आला तर?" ते म्हणाले. "बंद करायच्या आदी मला एक फोन कर. न्हायतर नागोजीमामाला कर, त्येला आता दोन्ही डोळ्यांनी दिसतंय."

मला हसू आलं आणि ते नीट बाहेर पडलं नाही, डोळ्यांतून आलं. त्यांनी तिकडे न बघता फोन परत माझ्या हातात दिला आणि विचारलं, आता आपण जिथं बसलोय ते कुणाकुणाला दिसतं? मी म्हटलं, मला एकटीलाच.

"मायाप्पाला दिसत न्हाय? म्हातारा तिकडं संकेश्वरात जीव टांगून बसला आसंल. सुगतनं सांगितलं आसणार."

नागेंद्रने सांगितलं होतं खरं, हवे तेवढे फोन जोडता येतात. मी ते कधी उघडूनच बघितलं नव्हतं. मी आप्पांचा नंबर घातला. मग शामूअण्णांना विचारलं, तुमचा घालू? त्यांनी मान हलवली, तोही घातला. मग आप्पांना फोन करून कुठं दाबायचं ते सांगितलं. मागून आत्ती आणि नणंद दोघी दोन वेगळ्या गोष्टी सांगत होत्या.

"दिसलं," आप्पा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "निळा ठिपका हाय. दवाखान्याम्होरं. व्हय?"

"व्हय, आप्पा."

"त्यो हलंना झालाय गं. हे चांगलं का वाईट?"

मी दारातून आत बघितलं. आरोहीने झोपेत कूस बदलली होती, आपली आपण.

"चांगलं आहे, आप्पा," मी म्हटलं. "शामूअण्णांनी लावलीय गाडी."